बाही बांधली होती, अर्धवट नव्हती

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या तालुक्याच्या वेशभूषा स्पर्धेची बातमी मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आली. आतल्या पानावर, खाली, पाच-सहा ओळी. त्यातली शेवटची ओळ अशी, की राणी एलिझाबेथ झालेल्या मुलीची बाही मंचावरच निघाली आणि एकच हशा पिकला. ती बाही माझ्या हातची. शिवलेली नव्हती, बांधलेली होती. सगळं भांडण या एका शब्दाचं आहे, म्हणून हे पत्र.

हिंगणघाट तालुक्यातल्या एका खेड्यात मी बावीस वर्षांपासून शिलाई करते. ब्लाऊज, फ्रॉक, शाळेचे गणवेश, पिको-फॉल, आणि पावसाळ्यात काम नसलं की गोधड्या. बातमीत माझं नाव नव्हतं, पण गावात कोणाला सांगावं लागतं? तेव्हापासून ब्लाऊज न्यायला आलेली प्रत्येक बाई मुंढ्याला, म्हणजे बाही जिथे जोडतात तिथे, हिसका मारून पाहते. "ताई, माही बाही तं पक्की लावली ना वं?" हसत विचारते, पण विचारतेच.

त्याहून जास्त लागलं ते परीक्षकांचं. मुलीच्या बाईंनी मला गुणांचा कागद दाखवला. वेशभूषेच्या रकान्यात दहापैकी तीन, आणि शेरा: 'शिवण अपूर्ण, बाही जोडलेली नाही.' परीक्षक कोण होते ते मी लिहीत नाही. त्यांनी वाईट हेतूने लिहिलं असेल असंही मला वाटत नाही. बाही म्हटली की ती मुंढ्याला शिवलेलीच असणार, हे आपल्या डोळ्यांना इतकं सवयीचं आहे की मध्ये नाडी दिसली तर कोणालाही वाटेल, शिंपिणीला वेळ पुरला नाही. पण सोळाव्या शतकातल्या युरोपातल्या बायकांच्या कपड्यांत बाही पुष्कळदा वेगळीच असायची. सकाळी बांधायची, रात्री सोडायची. तीच गोष्ट मी केली होती.

मुलगी आठवीतली. स्पर्धेचा विषय 'इतिहासातील स्त्रिया'. तिच्या वर्गात जिजाऊ पाच, झाशीच्या राण्या तीन, सावित्रीबाई दोन. हिला कोणी नसलेलं काहीतरी व्हायचं होतं. माझी लेक नागपुरात ड्रेस डिझायनिंग शिकते, तिला फोन केला. तिने रात्री अकरा वाजता एक चित्र पाठवलं. इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहातलं, १५४६ च्या सुमाराचं, एलिझाबेथचं. ती राणी झाली १५५८ मध्ये, म्हणजे चित्रात अजून राजकन्याच आहे. जन्म १५३३ चा, म्हणजे वय तेरा. आमच्या पोरीचंही तेराच. मी म्हटलं, झालं, हेच शिवू.

चित्रात लाल झगा आहे, हातात पुस्तक आहे, आणि बाह्या पाहिल्या तर एका हाताला दोन-दोन. वरची लाल, खांद्याशी घट्ट, खाली घंटेसारखी रुंद होऊन उलटी दुमडलेली. तिच्यातून दुसरीच बाही बाहेर येते, सोनेरी-पांढऱ्या जरीच्या कापडाची. झगा समोर उघडा आहे, त्या फटीतून परकराचा जो भाग दिसतो तोही त्याच कापडाचा. लेक म्हणाली, "आई, ही आतली बाही सुटी असते. कोपरापासून मनगटापर्यंतच. वरच्या बाहीच्या आतून टाचायची नाहीतर बांधायची." मला आधी खरं वाटेना. मग तिने आणखी चित्रं पाठवली. एक इंग्लंडच्याच जेन सेमूर राणीचं, होल्बाइन नावाच्या चित्रकाराचं, आता व्हिएन्नात आहे. त्यातही तेच. वरची बाही एक, खालची दुसरी, कापड दुसरं, नक्षी दुसरी. खालच्या बाहीची खालच्या अंगाची कड पूर्ण मिटलेली नाही, मध्ये मध्ये रत्नांनी पकडलेली आहे, आणि त्या फटींतून आतल्या पांढऱ्या लिननच्या कपड्याचे फुगे बाहेर काढलेले.

इटलीतली तऱ्हा आणखी वेगळी. तिकडे बाही थेट खांद्यापासूनच सुटी. फ्लॉरेन्सच्या ड्यूकची बायको एलेओनोरा, तिचं ब्रोंझिनो नावाच्या चित्रकाराने १५४५ च्या सुमाराला काढलेलं चित्र आहे, मांडीशी लहान मुलगा उभा. कापड इतकं भारी की बाई कमी आणि कापडच जास्त दिसतं. मी मोबाइलवर चित्र मोठं करत करत बाहीवर गेले. बाहीला उभ्या फटी, आणि प्रत्येक फटीतून आतलं पांढरं अस्सल झुळझुळीत कापड फुगून वर आलेलं. आपल्याकडे शिवणीतून आतलं कापड दिसलं तर गिऱ्हाईक कपडा परत फेकेल. तिथे ते मुद्दाम ओढून काढायचे.

आता ती बांधायची कशी, ते सांगते, कारण शेरा त्यावरच आहे. बाहीच्या वरच्या काठाला भोकांच्या जोड्या करायच्या. मुंढ्याच्या काठाला तितक्याच जोड्या, तितक्याच अंतरावर. बाहीचा काठ मुंढ्याखाली सरकवून भोकावर भोक आणायचं. नाडीचं एक टोक एका भोकातून, दुसरं शेजारच्या भोकातून, दोन्ही आतून बाहेर, आणि वर गाठ किंवा फूल. कुठे काठाला काठ भिडवून मध्ये थोडी फट सोडायची, तिथून आतला कपडा फुगवून काढायचा. नाड्या सगळ्या खांद्याच्या वरच्या अंगाला. काखेत काही नाही, काख उघडी.

काख उघडी का, हे मला कोणी सांगावं लागलं नाही. ज्या बाईने बावीस वर्षं ब्लाऊज शिवले तिला ते कळतंच. घट्ट ब्लाऊज घालून बाई फळीवरचा डबा काढायला हात वर करते आणि टर्रकन काखेत फाटतो. छातीला फिट पाहिजे आणि हातही वर गेला पाहिजे, या दोन गोष्टींचं जमत नाही. आम्ही मुंढा खोल-उथळ करून, उरेब पट्टी लावून, काखेत कळी घालून कसंबसं जमवतो. त्यांची चोळी तर जाड, कडक, पोटाछातीला आवळून बांधलेली. तिला बाही पक्की शिवली असती तर राणीला जेवताना घास तोंडापर्यंत नेता आला नसता. म्हणून खालून उघडं ठेवायचं आणि वरून बांधायचं. हात उचलला की बाही आपली वर सरकते, चोळी जागची हलत नाही. याला अपूर्ण शिवण म्हणायचं तर म्हणा.

भोकं म्हणजे काज नव्हे, हेही सांगायला पाहिजे. कापडाला कात्री लावायची नाही. टोकदार हत्याराने धागे बाजूला सारायचे आणि भोवती दाट टाके घालून त्यांना तसंच धरून ठेवायचं. धागा तुटलेला नसतो म्हणून ओढ बसली तरी भोक फाटत नाही. माझ्याकडे तसं हत्यार नव्हतं. मोच्याची आरी आणून पाहिली, तिने धागे तुटले. शेवटी पोतं शिवायचा दाभण घेतला, दगडावर घासून त्याची धार मोडली, आणि तो बरोबर चालला. एका बाहीला तीन नाड्या, एका नाडीला चार भोकं, म्हणजे दोन्ही बाह्यांची चोवीस. एका भोकाला वीस मिनिटं. दोन रात्री गेल्या. त्या दोन रात्रींची मजुरी मी लावली नाही, पण शेरा वाचला तेव्हा मला त्या रात्री आठवल्या.

नाडी भोकातून जायची तर तिचं टोक कडक पाहिजे. त्यांच्याकडे पितळेच्या पत्र्याची, आणि श्रीमंतांकडे चांदी-सोन्याचीही, बारीक नळी टोकाला बसवत. बुटाच्या नाडीच्या टोकाला आज जे प्लास्टिक असतं, त्याची ती पणजी. लेक सांगत होती की लंडनच्या नदीच्या गाळात अशी टोकं आणि त्या काळच्या टाचण्या अजून सापडतात. मी काय केलं, शाळेतल्या पोट्ट्यांकडून संपलेल्या बॉलपेनच्या कांड्या मागवल्या, धुतल्या, दीड-दीड सेंटिमीटरचे तुकडे केले, नाडीवर चढवले आणि मेणबत्तीवर धरून दाबले. सहा नाड्या, बारा टोकं. दोन बोटं भाजली.

आता माझी चूक. ती आहे, आणि ती मीच सांगते, कारण परीक्षकांना ती दिसली नाही.

मी इंग्रज राजकन्येच्या झग्याला इटलीची बाही लावली. एलिझाबेथच्या त्या चित्रातली वरची बाही खांद्याला शिवलेली असते, सुटी असते ती खालची. मी खांद्यालाच नाड्या दिल्या. थोडं एलेओनोराच्या चित्राने डोळे दिपले म्हणून, आणि थोडं मुलीच्या आईमुळे. तिचं म्हणणं, "बाह्या निघाल्या की तोच फ्रॉक लग्नात घालता येईन." यासाठी माझे दोन गुण कापले असते तर मी पदर खोचून गप्प बसले असते.

दुसरी चूक नाडीची. सुती नाडी चांगली दिसेना म्हणून हिंगणघाटच्या बाजारातून सॅटिनची रिबन आणली. चमकते छान, पण तिची गाठ धरत नाही. घरी मुलीला घालून पाहिलं तेव्हा ती नुसती उभी होती. मंचावर तिने "माझ्या प्रजाजनांनो" म्हणत डावा हात उचलला, एक गाठ सुटली, मग दुसरी, आणि तिसऱ्या एका नाडीवर सगळा भार. बाहीला आतून कॅनव्हास आणि अस्तर होतं. नंतर मी किराण्याच्या काट्यावर ठेवून पाहिली, एक बाही दोनशे दहा ग्रॅम भरली. ती निघून कोपराशी आली. पोरगी शहाणी. तिने ती बाही दुसऱ्या हातात घेतली आणि पुढची वाक्यं तशीच म्हणून टाकली. ते तुमच्या बातमीत आलं नाही.

इतका खटाटोप ते लोक का करत होते, याची कारणं मला फार पटली. पहिलं, धुणं. मखमल, जरी, रेशीम धुतच नसत. धुवायचा तो आतला लिननचा लांब कुडता. घाम तो प्यायचा. बाही वेगळी असली की घाण झाली ती बाजूला ठेवता येते, झगा वाचतो. दुसरं, झिजणं. कोणताही कपडा आधी कोपराला आणि मनगटाला जातो. माझ्याकडे दुरुस्तीला येणारे शर्ट पाहा, कॉलर आणि कफ. आणि तिसरं, एका झग्यावर चार जोड बाह्या असल्या की चार झगे असल्यासारखं दिसतं. म्हणून त्या काळच्या श्रीमंत घरांच्या कपड्यांच्या याद्यांत 'बाह्यांचा जोड' अशी वेगळी नोंद असते. एलिझाबेथ राणी झाल्यावर नव्या वर्षाला दरबारी तिला भेटी देत, त्यांत बाह्यांचे जोडही असत. यात एक शिंप्याची अक्कल आहे. झगा भेट द्यायचा तर पूर्ण माप लागतं, आणि राणीला टेप कोण लावणार? बाहीला हाताची लांबी आणि घेर एवढंच पुरतं, थोडं इकडेतिकडे झालं तर नाडी सांभाळून घेते.

टाचण्यांचंही तसंच. इंग्लंडात बायकांच्या अंगावर टाचण्या इतक्या, की राणीच्या कपड्यांच्या हिशेबात त्या हजारांनी खरेदी केलेल्या आहेत. पितळी तारेची टाचणी, डोक्याला त्याच तारेचे दोन वेढे. मी मुलीला टाचण्या लावल्या नाहीत. आपल्याकडे मंचावर चढता-उतरताना तीस पोरं अंगावर येतात.

एलेओनोराचं मात्र माझ्या मनातून जात नाही. अकरा बाळंतपणं झाली तिची. १५६२ मध्ये वारली, आणि पुरताना अंगावर होता तो पोशाख, जीर्ण झालेला, फ्लॉरेन्सच्या संग्रहालयात जपून ठेवला आहे. चोळी नाडीने आवळायची आहे. अकरा पोरांच्या आईला नाडीचीच चोळी पाहिजे, कधी सैल कधी घट्ट. आमच्या गावात बाळंतपणानंतर बायका ब्लाऊज घेऊन येतात, "ताई, उसवून दे थोडा." मी आत दोन बोटं कापड सोडूनच शिवते, सांगत नाही.

आणि हे सगळं परकं आहे असंही समजू नका. बाराबंदी हा शब्द आपलाच आहे. बारा बंद, म्हणून बाराबंदी. बाळाचं झबलं पाठीवर बंदानेच बांधतो, बटण रुतेल म्हणून. तयार कुर्ती विकत घ्या, बाह्या आत प्लास्टिकच्या पिशवीत टाचून दिलेल्या असतात. पाहिजे तर लावा, नाहीतर ठेवा. महिन्याला दहा-बारा जणी माझ्याकडे "बाह्या लावून दे" म्हणून येतात, जोडीला चाळीस रुपये घेते. त्या कुर्तीला कोणी अपूर्ण म्हणत नाही, दुकानात पूर्ण पैसे मोजून घेतात.

सगळ्यात जवळचं सांगायचं तर वेचणीचं. दिवाळीनंतर आमच्याकडे कापूस फुटतो. बोंड वाळलं की त्याच्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी होतात, वेचून वेचून मनगटं ओरबाडून निघतात. बायका नवऱ्याचा जुना शर्ट लुगड्यावर चढवतात, पण दुपारी त्यात जीव शिजतो. म्हणून मी जुन्या पँटच्या पायांच्या बाह्या करून देते. खाली इलॅस्टिक, वर कोपराच्या वर नाडी. झाडाखाली भाकरी खायला बसलं की सोडायच्या, उठलं की बांधायच्या. मागच्या हंगामात चौदा जोड दिले. शेजारच्या आजी त्या राजकन्येचं चित्र मोबाइलवर पाहून म्हणाल्या, "अवं माय, हे तं वेचणीच्याच बाह्या होत! जरीच्या केल्या म्हून काय झालं?" मला तर परीक्षकांपेक्षा आजींचंच शिवणाचं ज्ञान पक्कं वाटलं.

गुण वाढवून द्या असं मी म्हणत नाही. स्पर्धा झाली, नंबर लागले, जिजाऊंपैकीच एकीला पहिला मिळाला आणि ती खरंच चांगली बोलली. माझं एवढंच मागणं आहे की तुमच्या पेपरात, कुठेही कोपऱ्यात, एक ओळ छापा: बाही तुटली नव्हती, सुटली होती, आणि ती सुटण्यासाठीच केलेली असते. मुलीला शाळेत 'तुटकी राणी' म्हणतात. ती ओळ ती कापून वहीत चिकटवणार आहे, तिने मला तसं सांगून ठेवलं आहे.

फ्रॉक तिच्या घरी गेला. बाह्या माझ्या दुकानात खुंटीला लटकवलेल्या आहेत, येणाऱ्या बायका हात लावून पाहतात. सॅटिनची रिबन काढून मी सुती नाड्या ओवल्या आहेत. तीनऐवजी आता पाच.

आपली,
एक शिलाईवाली
ता. हिंगणघाट, जि. वर्धा
(नाव छापू नये. गावात ठाऊक आहेच.)